लिंबानं मासा शिजत नाही

बान दोनसाई
१२ जानेवारी

विचियन,

फोनवर तू मध्येच ठेवून देतोस, म्हणून लिहिते. पत्र मध्येच तोडता येत नाही. फार तर फाडता येतं, पण फाडण्याआधी माणूस वाचतोच.

फेब्रुवारीत खामपुनला, तुझ्या दादाला, जाऊन वर्ष होईल. त्याच्या नावाचं गावजेवण, त्याचं भातवाटप, मी अकरा एप्रिलला धरलं आहे. बँकॉकला कामाला गेलेली सगळी माणसं एप्रिलातल्या नववर्षाच्या सणासाठी तोवर गावी परततात, म्हणजे कोणी चुकणार नाही. थोरल्या भंतेंना विचारून दिवस पक्का केला. मांडव विहाराच्या अंगणात. आळीतल्या बायका रांधायला येणार आहेत. डुकराचं मांस, बांबूच्या कोंबांचं कालवण, चिकट भात, सगळं गावाला पुरेल असं.

आता तू ज्यावर फोन ठेवलास ते. त्या दिवशी मांडवात कच्चा मासा येणार नाही. चेचलेल्या माशाची कोईपा होईल, पण कढईत परतून, मासा पांढरा होईपर्यंत. खामपुन पित्तनळीच्या कॅन्सरनं गेला. आपल्या तळ्यातल्या कच्च्या माशातून एक किडा पोटात जातो आणि वर्षानुवर्षं यकृतात घर करून राहतो. डॉक्टरांनी मला हे समजावलं तेव्हा तू बाहेर व्हरांड्यात सिगारेट ओढत होतास. त्याच्याच जेवणात तोच मासा कच्चा वाढणं म्हणजे साप चावून मेलेल्याच्या दारात टोपलीभर साप सोडणं. ते माझ्या हातून होणार नाही.

आणखी एक. तुम्ही दोघं भाऊ जन्मभर एका ताटात जेवलात. त्याच्या पोटात गेलं ते तुझ्याही पोटात गेलं. त्याचे डोळे पिवळे झाले तेव्हा उशीर झाला होता. लवकर कळलं तर कापून काढता येतं. सोनोग्राफीला दुखत नाही, थंड मलम लावतात आणि वरून मशीन फिरवतात. तू एकदा त्या मशीनखाली झोपलेला मला बघायचा आहेस. तुझ्याकडून मला दुसरं काही नको.

लामदुआन


बँकॉक
२५ जानेवारी

वहिनी,

पत्र पोचलं. फाडलं नाही. टॅक्सी स्टँडवर मोठ्यानं वाचून दाखवलं, कारण हसायला सोबत लागते. इथं सगळे आपल्याच मुलखातले. एक म्हणाला, "परतलेली कोईपा? त्यापेक्षा तुझ्या दादाला आजाऱ्याची पेज वाढा." दुसरा म्हणाला, "कोईपा शिजवली की तिच्या मिशा गळतात."

गंमत सोडा. भातवाटप असतं कशासाठी? गेलेल्याला त्याच्या आवडीचा घास पोचावा म्हणून. दादाची आवड मी तुम्हाला सांगायची? कापणीच्या दिवसांत शेतातल्या तळ्यात जाळं टाकायचं, चांदीसारखे बारीक मासे, जागच्या जागी चेचायचे. वर लिंबू, तिखट, भाजल्या तांदळाचं पीठ, मूठभर लाल मुंग्या. दादा म्हणायचा, चूल पेटवत बसलं की भूक विझते. तो माणूस त्या दिवशी दारात येणार आणि तुम्ही त्याच्यापुढं बायकांचं जेवण ठेवणार. उपाशी परत जाईल. शेवटी शेवटी त्यानं मागितली असेल तेव्हाही तुम्ही दिली नसणारच.

मशीनचं म्हणाल, तर मशीनखाली धडधाकट माणूस झोपतो आणि आजारी होऊन उठतो. आपल्या गावात मशीननं सांगितल्यावर कोण वाचलं? एक नाव सांगा. मी दर वर्षी जंताची गोळी घेतो. गोळी घेतली की पोट साफ, मग पुढच्या वर्षापर्यंत खुशाल खावं. सगळे असंच करतात आणि गाड्या हाकतात.

अकरा तारखेला येतो. दारू माझ्याकडून. कोईपाही मीच करणार. कच्ची.

विचियन


बान दोनसाई
१० फेब्रुवारी

विचियन,

एक नाव सांगा म्हणालास. नाही सांगता येत. आपल्या गावातून जो जो तिथं गेला तो पिवळा झाल्यावर गेला. मशीननं कोणाला मारलं नाही, मशीनपाशी सगळे उशिरा पोचले. म्हणून तर तुला आत्ता पाठवायचं आहे, काही दुखत नसताना. वाचलेलं पहिलं नाव मला हवं आहे.

दादानं शेवटी कोईपा मागितली होती. मी दिली. तुला माहीत नाही, कारण तू तेव्हा नव्हतास. मी स्वतः तळ्यावर गेले, मासे आणले, त्याला हवी तशी केली. गिळवत नव्हतं. बोटाला लावून जिभेवर ठेवली. त्यानं वास घेतला आणि म्हणाला, "लिंबू कमी पडलंय." हे त्याचं माझ्याशी शेवटचं धड बोलणं. गावात कोणी म्हणतं, बायकोनं जन्मभर कच्चं वाढलं म्हणून गेला. तो दोष मी पदरात घेत नाही. आपल्या सगळ्यांना तेव्हा जेवढं कळत होतं तेवढंच मला कळत होतं. आता जास्त कळतं, म्हणून आता वागणं वेगळं. जाणाऱ्याला मी नाही म्हटलं नाही. राहणाऱ्यांना म्हणणार.

गोळीचंही ऐक. गोळीनं आतले किडे मरतात आणि आठ दिवसांत तू नवे गिळतोस. दर खेपेला आत नवी जखम. होडीचं भोक तसंच ठेवून पाणी उपसण्यातला हा प्रकार. तू होडीत बसून म्हणतोस, बघा, मी किती छान उपसतो.

मी तालुक्याच्या इस्पितळात जाऊन आले. तिथल्या नर्स पिमजाई तुझ्या दादाच्या वेळी वॉर्डात होत्या, त्यांनी ओळखलं. म्हणाल्या, "मावशी, आम्ही मागच्या महिन्यात इथं मशीन लावलं होतं. तुमच्या गावचं एक माणूस फिरकलं नाही. वरचे म्हणतात, दोनसाईला आस्था नाही."

मी म्हटलं, "तेव्हा ऊसतोड होती. मजुरी बुडवून, दोन गाड्या बदलून, परक्यांपुढं सदरा वर करायला कोण येईल? माणसं जिथं आपल्या पायांनी येतात तिथं मशीन न्या."

"कुठं येतात?"

"जेवायला. अकरा एप्रिलला माझ्या नवऱ्याचं भातवाटप आहे."

त्या हसल्या, मग माझं तोंड बघून थांबल्या. सणाच्या दिवसांत रस्त्यावरचे अपघातच इतके येतात की इस्पितळ एकही माणूस सोडत नाही, असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "नाही म्हणालात ते ऐकलं. पुढच्या आठवड्यात परत येते, तेव्हाही ऐकीन."

तुझी दारू आण. मासा मात्र कढईतून जाईल.

लामदुआन


बँकॉक
२ मार्च

वहिनी,

थोंगइन काकांचा फोन आला होता. गावभर झालं आहे म्हणे, पोट दाखवल्याशिवाय ताट मिळणार नाही. काकांनी सत्तरी ओलांडली, जन्मात शिजलेला मासा खाल्ला नाही, आणि त्यांनी आता तुमच्या मांडवात सदरा वर करायचा? ते म्हणाले, "लिंबू पिळलं की मासा शिजतो, वर दारू ओतली की किडा मरतो. तुझ्या वहिनीला सांग, किडा मेला, मी जिवंत आहे."

हसून सोडून देणार होतो. पण मला राग आला आहे. ते माझ्या भावाचं जेवण आहे. त्याचं तुम्ही इस्पितळ करायला निघालात. लोक तिथं त्याची आठवण काढायला येतील, की आपापल्या मरणाची चाहूल घ्यायला?

मी येणार नाही. सणात भाडी चांगली असतात, ते कारण गावात सांगा.

आणि एक. त्या दिवशी व्हरांड्यात मी सिगारेट पेटवली नव्हती. दार उघडं होतं. मी सगळं ऐकलं होतं.

विचियन


बान दोनसाई
१९ मार्च

विचियन,

तू सगळं ऐकलं होतंस, तर दुसऱ्यांदा मी काय सांगू? तेव्हापासून तू मला हसवतो आहेस आणि मी तुला शहाणपण शिकवते आहे. दोघांनाही भीती एकच. मी ती तोंडावर बोलते, एवढाच फरक.

जेवण कोणाला नाकारणार नाही. थोंगइन काकांना सांग, वाटेत तपासणीचा पलंग आहे, कुलूप नाही.

मशीन मिळालं. मी एकटी तीनदा जाऊन आले, चौथ्यांदा आळीतल्या बायका बरोबर आल्या. शेतीच्या गाडीत दाटीवाटीनं बसून, भाताच्या टोपल्या घेऊन. मोठ्या डॉक्टरांच्या खोलीबाहेर चटया टाकल्या. ते बाहेर आले आणि म्हणाले, "हे काय, उपोषण?"

"छे," मी म्हटलं, "जेवतोय. उत्तर येईपर्यंत इथंच जेवणार, रात्रीचंही आणलंय. तुम्हीही बसा."

ते बसले नाहीत, पण आपल्या शेजारच्या खानलानं मिरचीची चटणी पुढं केली ती त्यांनी चाखली. पिमजाई मागून म्हणाल्या, "सर, माझी सुट्टी मी देते." मग एक तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, माझीही. मोठे डॉक्टर म्हणाले, मशीनला ओरखडा आला तर बघा.

थोरल्या भंतेंनी उपोसथाच्या व्रताच्या दिवशी सगळ्यांपुढं सांगितलं, "भिक्षापात्रात पडेल ते आम्ही खातो. तुम्ही कच्चं घातलंत, आम्ही कच्चं खाल्लं. तेव्हा त्या पलंगावर पहिला मी झोपणार. आणि यापुढं पात्रात कच्चा मासा घातलात तर झाकण लावून पुढं जाईन."

बायका जिंकल्यासारख्या घरी आल्या. मी नाही. ज्याच्यासाठी हे चाललं आहे तो येत नाही म्हणतो. ये, विचियन.

लामदुआन


बान दोनसाई
१५ एप्रिल

विचियन,

तू आला नाहीस. तुझं ताट मांडलं होतं. शेवटी ते एका ओळखपाळख नसलेल्या ऊसवाल्यानं खाल्लं, चांगलं चाटून.

काय झालं ते लिहिते, माझ्या बाजूचं आणि माझ्या विरुद्धचंही.

पहाटे दादाच्या फोटोपुढं नैवेद्य ठेवला. परतलेली कोईपा, लिंबू भरपूर. थोंगइन काका तिथंच उभे. म्हणाले, "सूनबाई, हे बघून खामपुन रात्री येऊन तुला बदडेल."

मी म्हटलं, "येऊ दे. वर्षभर वाट बघते आहे."

मी पदर खोचला आणि चुलीकडे गेले, कारण तिथं उभी राहिले असते तर वाटपाचं सगळं माझ्या रडण्यात गेलं असतं.

पलंग फाटक आणि पंगत यांच्या मधे लावला होता, भोवती आमच्या विणलेल्या चादरींचा आडोसा. भंते पहिले झोपले. मग बायका. बायका कच्चं खात नाहीत असं पुरुषांना वाटतं, पण चव बघताना बोट कोण चाटतं? पुरुष लांब, चिंचेखाली. एकमेकांना ढकलत होते, "तू जा, तुझं पोट मोठं, त्यांना शोधायला सोपं." कोणी हलेना. शेवटी थोंगइन काका उठले, माझी जिरवायची म्हणून. सदरा मांडवाबाहेरच काढून आले. आडवे पडता पडता डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "पोरी, बघ नीट. आत तळं आहे, जाळं आणलंस का?"

त्यांचं पोट स्वच्छ निघालं.

विचियन, मी खोटं लिहिणार नाही. डॉक्टरीणबाईंनी दोनदा फिरवून बघितलं. काही नाही. म्हातारा उघड्या अंगानं मांडवात नाचला. पुरुषांनी आरोळी ठोकली. कोणीतरी ओरडलं, "आणा कच्ची!" माझ्या तीन महिन्यांच्या बडबडीवर काकांनी एका पोटानं पाणी फिरवलं. पिमजाई माइकवरून सांगत होत्या की किडा प्रत्येकाला कॅन्सर देत नाही, पण देणार कोणाला ते आधी सांगतही नाही. ऐकायला कोण होतं?

पण मग एक झालं. काका सुटले म्हणून बाकीच्यांची भीती सुटली. थट्टा करत करत रांग लागली. जवळजवळ सगळे झोपले. त्यातल्या दोघांना शहरातल्या मोठ्या इस्पितळात बोलावलं आहे. नावं लिहीत नाही, ती त्यांची. दोघंही तुझ्यासारखेच, काही दुखत नसलेले. कच्ची मागणाऱ्यांना मी कढई दाखवली. भुकेले होते, परतलेली खाल्ली. लिंबू कमी पडलं म्हणून तेवढी तक्रार आली.

थोंगइन काका शहाणे ठरले असं गाव म्हणतं. म्हणू दे.

लामदुआन


बँकॉक
२४ एप्रिल

वहिनी,

तुमचं पत्र स्टँडवर दोनदा वाचलं. काकांचं नाव निघालं की सगळे टाळ्या पिटतात. आत तळं आहे, जाळं आणलंस का! खरं सांगतो, बऱ्याच दिवसांनी मला बरी झोप लागली. सत्तर वर्षं कच्चं खाऊन म्हातारा स्वच्छ. मग माझं काय वाकडं होणार?

म्हणून ठरवलं आहे. उद्या इथल्या दवाखान्यात जातो आणि पोटाचा फोटो काढून घेतो. तुमच्यासाठी नाही, तुमचं तोंड बंद करण्यासाठी. चौकटीत बसवून पाठवतो. तुमच्या चुलीवर टांगा आणि रोज स्वयंपाक करताना बघा.

ताट ऊसवाल्यानं खाल्लं हे वाईट झालं. मी यायला हवं होतं.

विचियन


बँकॉक
६ मे

वहिनी,

फोटो चौकटीत बसवत नाही.

यकृतात एक ठिपका आहे. नखाएवढा. त्यांनी मोठ्या मशीनमध्येही घातलं. डॉक्टर म्हणतात, दादाला होता तोच आहे. म्हणतात, वेळेत सापडला, कापता येईल, पण हे काम आपल्याकडच्या शहरातल्या इस्पितळात चांगलं करतात, तिथं जा.

मी कापून घेणार नाही. जुनी माणसं सांगतात, उघडलं की वारा लागतो आणि पसरतं. जायचं तर अख्ख्या अंगानं जावं. मला काही दुखत नाही, वहिनी. हेच विचित्र आहे. आज सकाळी विमानतळाची दोन भाडी मारली.

महिनाअखेरीस गावी येतो. तळ्यावर झोपडी घालीन. तुम्ही परतलेली खा, मी माझी खाईन. कोणाला सांगू नका.

विचियन


बान दोनसाई
१२ मे

विचियन,

सांगू नका म्हणालास. सांगितलं. थोरल्या भंतेंना, पिमजाईंना, सगळ्या आळीला. लपवलेल्या आजाराला एकच माणूस उचलतो, म्हणून तो जड होतो.

थोंगइन काका ऐकून आले आणि पायरीवर बसले. सुपारी तोंडात टाकली. मग म्हणाले, "माझं पोट स्वच्छ निघालं म्हणून तो गेला ना मशीनखाली?" मी म्हटलं, हो. म्हणाले, "मग माझ्या पोटाचा उपयोग झाला. कापायला कधी नेतेस?" आजवर त्यांचं माझं एवढ्या एकाच गोष्टीवर जमलं आहे.

उघडलं की पसरतं म्हणतोस. खामपुनला कोणी उघडलं नाही. त्याच्यात उघडण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तरी पसरलं. तो अख्ख्या अंगानं गेला, आणि ते अंग मी शेवटी एका हातानं कुशीवर वळवत होते, इतकं हलकं झालं होतं. अख्खं म्हणजे काय ते मला शिकवू नकोस.

दुखत नाही म्हणतोस. दुखत नाही हीच तर तुझी चैन आहे. दादाला ती मिळाली नाही. भातवाटपात सापडलेल्या दोघांपैकी एकाचं ऑपरेशन मागच्या आठवड्यात झालं. काल त्यानं बायकोवर ओरडून भात मागितला, ती इथं रडत सांगायला आली, आनंदानं. अजून कच्ची बातमी आहे, पाच वर्षं गेल्याशिवाय डॉक्टर तिला पक्की म्हणणार नाहीत. पण सकाळी भात मागणारा माणूस आहे.

पिमजाईंनी शहरातल्या डॉक्टरांशी बोलणं केलं आहे. तुझं नाव आपल्या तालुक्याच्या इस्पितळात नोंदलेलं आहे, म्हणून खर्चाची सोय इकडेच होईल. तुला बायको नाही, लेकरू नाही, आणि डॉक्टरांपुढून पळायला बँकॉकएवढा रस्ता आहे. म्हणून मीच येते. बावीस मेला, पहाटेच्या बसनं. विचारत नाही, कळवते.

तळ्यावर झोपडी घालायची असेल तर नंतर घाल. मी बांबू तोडून देईन. पण एक पक्कं ध्यानात ठेव. या घरातल्या एका माणसाचं भातवाटप मी केलं. दुसऱ्याचं करणार नाही. तुला जायचंच असेल, तर मांडव घालायला दुसरी कोणीतरी बघ.

लामदुआन


बँकॉक
१८ मे

वहिनी,

तुमचं पत्र या वेळी स्टँडवर वाचलं नाही. गाडीत काचा वर करून वाचलं. मग बाहेर येऊन सगळ्यांना सांगितलं. कोणी हसलं नाही. मिशा गळतात म्हणणारा होता ना, तो म्हणाला, "दवाखाना कुठला, पत्ता दे." संध्याकाळी आणखी दोघांनी मागितला.

मला भीती वाटते. ती तुमच्यासारखी तोंडावर बोलून बघितली. कमी झाली नाही, पण बोलता आली.

बावीस तारखेला बसथांब्यावर येतो. परतीची बस करायची नाही, आपण माझ्या टॅक्सीनं जायचं, थेट शहरातल्या इस्पितळाच्या फाटकापर्यंत. पेशंट असलो तरी गाडी मीच चालवणार. तुम्ही मागे बसायचं आणि रस्ता सांगायचा नाही.

विचियन